एक्केचाळीस सेकंद

वाहिनी बंद होणार हे सगळ्यांना दीड वर्ष आधीपासून माहीत होतं, त्यामुळे तारीख कळली तेव्हा कुणी रडलं वगैरे नाही. येसिका तेगनहामर ही अडतीस वर्षांची बाई तेव्हा वृत्तविभागाची प्रमुख होती. सोमवारच्या बैठकीत तिनं भिंतीला टेकून उभ्या उभ्याच सांगितलं, की मार्चअखेर आपली बातम्यांची वाहिनी संपेल, बातम्या मोठ्या वाहिनीत जातील, माणसांपैकी काही राहतील, काही राहणार नाहीत. मग किटली हलवून पाहत विचारलं, "कॉफी कुणी संपवली?" आणि बैठक संपली.

बाकीचे उठून गेल्यावर तिनं सिगब्रिट वॉलमार्कला थांबवून घेतलं. सिगब्रिट सत्तावन्न वर्षांची, वाहिनीच्या पहिल्या दिवसापासूनची. हल्ली ती संकलन करायची.

"निरोपाच्या दिवशी फिल्म दाखवायचीय," येसिका म्हणाली. "बारा मिनिटांची. वाहिनीचा सगळा इतिहास, पण रडका नको. तुझ्याइतकं जुनं आता इथं कुणी उरलं नाही."

"टॉर्ग्नी आहे की."

"टॉर्ग्नी," येसिका हसली. "तो तर फिल्ममध्ये हवाच. त्याचं ते मौन नसलं, तर लोक केकला हात लावणार नाहीत." मग कागद गोळा करता करता, सहज आठवल्यासारखं म्हणाली, "आणि राहणाऱ्यांची यादी मी त्याच आठवड्यात करतेय. संकलनात एकच माणूस ठेवता येईल असं दिसतंय."

मग ती कागद काखेत मारून निघाली.

टॉर्ग्नीचं मौन म्हणजे काय, हे त्या इमारतीत नव्यानं आलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. वाहिनी सुरू झाली ती एकोणीसशे नव्याण्णवच्या फेब्रुवारीत, पूर्वी नाटकांचे पडदे ठेवायचे त्या खोलीत. माणसं मोजकी, कॅमेरे दुसऱ्या विभागानं टाकून दिलेले, आणि वरून हुकूम असा की बातम्या सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड दिसल्या पाहिजेत. बाराव्या दिवशी सकाळी टॉर्ग्नी आस्पलोव बातम्या वाचत होता. उत्तरेकडं बर्फावरून बस घसरली होती. "अपघातात मरण पावलेल्यांमध्ये" एवढं तो म्हणाला आणि गप्प झाला. एक्केचाळीस सेकंद तो तोंड किंचित उघडं ठेवून समोर बघत बसला. देशभर लोकांनी घरात बसून ते पाहिलं. त्या बसमध्ये कुणाची तरी मुलं होती, कुणाचे आईबाप होते, आणि पडद्यावरचा माणूस काही सांगेना.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. टॉर्ग्नीनं सांगितलं, कानातल्या यंत्रातून 'थांब' असं ऐकू आलं, म्हणून मी थांबलो. त्या वेळी नियंत्रण कक्षात दोनच माणसं होती. एक चित्रं बदलणारा, तो कान झाकून उत्तरेतल्या वार्ताहराशी बोलत होता. दुसरी निर्मिती सांभाळणारी, म्हणजे सिगब्रिट. ती म्हणाली, "मी काहीही बोलले नाही. तो आपला आपणच थांबला."

झालं. टॉर्ग्नीच्या जागी शेश्टिन लागरविक आली. तिचा आवाज चांगला होता, जबडा चांगला होता. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा ती अकरा तास खुर्चीत बसून होती, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी आशियात समुद्र चढला, आपली माणसं शेकड्यांनी गेली, तेव्हा नावं वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्या देशानं पाहिलं. पुढं वाहिनीचे तास कापले गेले, दुपारी दुसरेच कार्यक्रम घुसले, पण शेश्टिन मोठी होत गेली. 'वाहिनीचा पहिला चेहरा' असं तिला म्हणायचे. तीही नाही म्हणायची नाही.

टॉर्ग्नीला तळघरात पाठवलं, बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्याखाली अक्षरं टाकायच्या कामाला. दुसरे बोलतील ते तो बारा वर्षं टंकत राहिला. दर नाताळच्या जेवणात त्याचे एक्केचाळीस सेकंद पडद्यावर दाखवायचे. कुणी वाचताना अडखळलं तर म्हणायचे, "आज मी टॉर्ग्नी केलं." एकदा एका नव्या पोरीनं खुद्द त्यालाच विचारलं, "टॉर्ग्नी करणं हा शब्द कुठून आला हो?" तो म्हणाला, "जुना आहे. माझ्याही आधीचा असेल."

सिगब्रिट मात्र रोज दहा वाजता त्याच्याबरोबर कॉफी प्यायची. हे लोकांना चांगुलपणाचं वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं.

"तू इतिहास करतेयस म्हणे," दुसऱ्या दिवशी टॉर्ग्नी म्हणाला. दालचिनीचा बन तो नेहमी उलगडून, पट्टी पट्टी करून खायचा.

"बारा मिनिटांचा."

"ते मौन घालशील ना?"

"घालावं लागेल."

"घाल घाल. त्याशिवाय मजा नाही." तो बनाची पट्टी कॉफीत बुडवत म्हणाला, "माझं एक काम करशील? आपली पहिली सकाळ बघ, सहा फेब्रुवारी. ती मी वाचली होती. अर्धं मिनिट घाल. दहा सेकंद घातलीस तरी चालेल. उत्तरेत ओंगे गावी माझी आई आहे, शहाऐंशी वर्षांची. तिनं त्या दिवशी शेजाऱ्यांना घरी बोलावून दाखवलं होतं. नंतर मात्र तिला सगळे ते दुसरंच विचारतात. फिल्मची एक प्रत नेऊन दाखवीन म्हणतो."

"घालते," सिगब्रिट म्हणाली. "तुझा हक्कच आहे तो."

"हक्क कसला. आठवण."

ती संकलनाच्या खोलीत गेली आणि जुन्या फिती मागवल्या. पहिल्या सकाळचा टॉर्ग्नी पाहून तिला आश्चर्यच वाटलं. त्रेपन्न वर्षांचा तो माणूस किती सहज बसला होता. उत्तरेकडचा हेल त्यानं लपवला नव्हता, कागदाकडं क्वचित बघत होता, आणि हवामान सांगताना आपल्याच गावची थंडी सांगावी तसं सांगत होता. शेश्टिनपेक्षा चांगला होता तो. हे कुणी बारा वर्षांत म्हटलं नव्हतं. तिनं वीस सेकंद कापून बाजूला ठेवले.

मग बाराव्या दिवसाची फीत लावली. चित्र तिला पाठ होतं. आवाजाची रेघ तपासताना तिला दिसलं, की फितीवर दुसरीही रेघ आहे. बाकीच्या वर्षांच्या फितींवर ती कोरी असायची. या फितीवर ती हलत होती. सिगब्रिटनं पहिली रेघ बंद केली आणि दुसरी ऐकली.

खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तिचा स्वतःचा आवाज, बारा वर्षांपूर्वीचा, घाईतला: "थांब. काही बोलू नकोस. कागद चुकलाय, मी सांगेपर्यंत थांब." मग फोनवर बोलल्याचं लांबून ऐकू येत होतं. "किती? नाही, मला नावं नकोत, आकडा द्या." मग कागदांची उलथापालथ. 'आता बोल' असं तिनं त्याला पुन्हा सांगितलंच नव्हतं.

तिनं ते चार वेळा ऐकलं. कुणी सांगितलं असतं तर तिनं शपथेवर नाकारलं असतं. चौकशीच्या वेळी ती हंगामी नोकरीत होती, भीतीपोटी खोटं बोलली होती, एवढं तिला माहीत होतं. पण वर्षं गेली तसतसं ते खोटं तिच्या डोक्यात घासून घासून गुळगुळीत झालं होतं. आपण बहुतेक पुटपुटलो असू, बहुतेक त्यानं चुकीचं ऐकलं असेल, इथपर्यंत ती येऊन पोचली होती. आता इथं तर शब्द न् शब्द होता.

ती संध्याकाळी घरी गेली, बटाटे उकडले, खाल्ले नाहीत. तिनं ठरवलं, सांगायचं. तो पासष्टचा झालाय, नोकरी संपतेच आहे, आता त्याला कळलं तर काय बिघडतं. सकाळी दहा वाजता ती कॉफी न घेताच त्याच्यासमोर बसली.

पण आधी टॉर्ग्नीच बोलला.

"तुझ्याकडं बाराव्या दिवसाची फीत आली असेल ना?"

"का?"

"ध्वनीवाला बोर्ये आठवतो? गेल्या वर्षी वारला तो. इस्पितळात भेटायला गेलो होतो, तेव्हा म्हणाला, पहिले दोन आठवडे त्यानं एक जास्तीची तार जोडून ठेवली होती. कानातल्या यंत्रातलं बोलणं दुसऱ्या रेघेवर उतरायचं. नंतर काढून टाकली. कुणाला सांगितलंच नव्हतं त्यानं." टॉर्ग्नी खाली बघत होता. "वर्षभर धीर झाला नाही मागवायचा. तू एकदा ऐकवशील का मला?"

"ऐकून काय करणार आहेस?"

"काही नाही. कुणाला सांगायचं नाही, तक्रार नाही, काही नाही. फक्त कळायला हवं. तो आवाज होता की नव्हता."

सिगब्रिटनं विचारलं, "कुणाचा आवाज?"

"तुझाच. दुसरं कोण होतं तिथं?" तो अगदी साधेपणानं म्हणाला. "पण तू नव्हतीस बोललेली. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस, ते मला माहीत आहे. म्हणजे मग मलाच ऐकू आलं असणार. डॉक्टरही तेच म्हणाले. चार वर्षं गोळ्या खाल्ल्या मी. बायकोशी, माय-लिसशी बोलता बोलता मध्येच विचारायचो, आत्ता तू काही म्हणालीस का? तिनं बिचारीनं सहा वर्षं काढली, मग गेली उप्सालाला. तिचं काही चुकलं नाही. तरी अजून कधी कधी वाटतं, की स्पष्ट ऐकू आलं होतं. एकदा कळलं ना, की मग सुटलो."

हे सगळं ती तेव्हाच सांगू शकत होती. तो समोर बसला होता, त्यानं तक्रार करणार नाही म्हणून आपणहून कबूल केलं होतं. पण 'तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस' हे वाक्य तिच्या अंगावर येऊन पडलं. आता खरं सांगायचं म्हणजे बारा वर्षांतली प्रत्येक कॉफी परत करायची. तो तिच्याकडं कसा बघेल ते तिला दिसलं, आणि ते तिला नको होतं.

"दोन दिवस दे," ती म्हणाली. "फीत अजून यायचीय."

त्याच दुपारी येसिका कच्ची फिल्म बघायला आली. पहिली सकाळ सुरू झाली आणि तिनं हात वर केला.

"हा इथं काय करतोय?"

"पहिला तोच होता."

"शेश्टिन प्रमुख पाहुणी आहे. पहिली सकाळ तिनं वाचली असं ती वीस ठिकाणी बोललीय. तिच्या तोंडावर हे दाखवायचं?"

"त्याच्या आईला..." सिगब्रिटनं सुरुवात केली.

"कुणाच्या आईला?"

"काही नाही."

"काढून टाक. मौन मात्र पूर्ण ठेव, एक सेकंदही कापू नकोस." येसिका दारात थांबली. "छान होतेय हं. तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

ती गेल्यावर सिगब्रिटनं वीस सेकंद काढून टाकले. मग तिनं बाराव्या दिवसाची फीत पुन्हा लावली, दुसरी रेघ आरंभापासून शेवटपर्यंत निवडली आणि पुसली. मूळ फितीवरची आणि संगणकावरचीही. अगदीच शांत रेघ संशयास्पद दिसेल, म्हणून तिनं दुसऱ्या एका दिवसाची नुसती खरखर उचलून तिथं बसवली. काम नीटनेटकं झालं.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी तीनला होता. दीडशे माणसं जमली होती, टेबलांवर हिरवे केक, कागदी ताटल्या. टॉर्ग्नीनं इस्त्रीचा कोट घातला होता आणि पुढून दुसऱ्या रांगेत बसला होता, पहिली सकाळ नीट दिसावी म्हणून. फिल्म सुरू झाली. पडद्यांची खोली, जुने कॅमेरे, आणि मग थेट शेश्टिन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॉर्ग्नीनं मान वळवून सिगब्रिटला शोधलं. ती ताटलीत बघत होती. तो पुन्हा पडद्याकडं वळला. पुढं येईल असं त्याला वाटलं असावं.

पुढं मौन आलं. त्याचा चेहरा अख्ख्या भिंतीएवढा झाला, किंचित उघडं तोंड, वाट बघणारे डोळे. क्रीडा विभागातल्या कुणीतरी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन." दहापर्यंत निम्मी खोली मोजत होती, विसापर्यंत सगळी. ताटल्यांवर चमचे आपटून ताल धरला होता. त्या पडद्यावरच्या वाक्यात बसमधली मेलेली माणसं होती, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. टॉर्ग्नीही मोजत होता. मान हलवत, हसत, "अडतीस, एकोणचाळीस." एक्केचाळीसला असा गजर झाला की बाहेरून सुरक्षारक्षक डोकावून गेला.

नंतर शेश्टिन बोलायला उभी राहिली. "ती पहिली सकाळ मी कधीच विसरणार नाही," ती म्हणाली. "हात गार पडले होते माझे. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं." टॉर्ग्नीनं टाळ्या वाजवल्या. उतरताना ती त्याच्याजवळ थांबली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू किती खिलाडूपणे घेतोस रे सगळं. मला नसतं जमलं."

"सवय असते," टॉर्ग्नी म्हणाला.

लोक पांगल्यावर तो सिगब्रिटकडं आला. पहिल्या सकाळबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. "ऐकायचं का आता?" एवढंच विचारलं.

संकलनाच्या खोलीत तिनं त्याला खुर्ची दिली, कानांवर यंत्र चढवून दिलं. चित्र सुरू झालं. तो डोळे मिटून बसला होता. ती त्याच्या मागं उभी राहिली, कारण समोर उभं राहणं तिला जमेना. खरखर. खरखर. एक्केचाळीस सेकंद संपले. त्यानं बोटानं खूण केली, पुन्हा. तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी त्यानं यंत्र दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं, इतकं की बोटांची पेरं पांढरी पडली.

मग त्यानं ते काढून टेबलावर ठेवलं.

"नाहीच काही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे डॉक्टरांचंच खरं." त्यानं यंत्राची वायर नीट गुंडाळून ठेवली. मग उठला, कोटाची बटणं लावली. "उपकार झाले सिगब्रिट. दुसरं कुणी असतं तर मला हसलं असतं. आणि एक सांगायचं होतं. मनात मी तुला पुष्कळदा दोष दिलाय. कॉफी पिताना समोर बसून दिलाय. त्याची माफी माग असं सकाळपासून स्वतःला बजावत होतो."

त्यानं हात पुढं केला. तिनं तो हातात घेतला आणि म्हणाली, "जाऊ दे. मी कधी मनावर घेतलं नाही."

यादी शुक्रवारी लागली. संकलनात सिगब्रिटचं नाव होतं. टॉर्ग्नी सामान घेऊन ओंगेला आईकडं राहायला गेला. फिल्मची प्रत त्यानं नेली नाही.

सिगब्रिट आणखी पाच वर्षं नोकरीत होती. नव्या विभागात खिडकीजवळची जागा मिळाली, येसिका वरच्या पदावर गेली तेव्हा तिच्या भाषणात सिगब्रिटचा उल्लेखही झाला. सुरुवातीला काही आठवडे तिला सकाळी दहा वाजता उगाच उठून उभं राहायची सवय गेली नव्हती. मग ती साडेदहाला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली.

निरोपाच्या कार्यक्रमानंतर दीड वर्षानं, एका गुरुवारी दुपारी, तिला फोन आला. बाईचा आवाज, उत्तरेकडचा हेल.

"मी इंगेगेर्ड. टॉर्ग्नीची धाकटी बहीण. तुमचा नंबर त्याच्या वहीत मिळाला. आई गेली आमची, मागच्या शनिवारी दफन झालं."

"वाईट वाटलं ऐकून," सिगब्रिट म्हणाली.

"वय झालं होतं. मी त्यासाठी नाही केला फोन. टॉर्ग्नीनं चर्चमध्ये चार ओळी वाचाव्यात अशी आईची शेवटची इच्छा होती. लिहून ठेवलं होतं तिनं. तो उभाच राहिला नाही. म्हणाला, मला कधी काय ऐकू येईल त्याचा भरवसा नाही, मी मध्येच थांबेन. आम्ही सगळे थांबलो, पाद्री थांबला, तो बाकावर बसून नुसती मान हलवत राहिला. शेवटी माझ्या सुनेनं वाचलं. ती बिचारी आईला नीट ओळखतही नव्हती." तिनं आवाज खाली आणला. "आता तो फोनही उचलत नाही. दारावरची घंटा वाजली तर मला विचारतो, खरंच वाजली का? तुम्ही त्याच्याबरोबर इतकी वर्षं होतात. तो तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलतो. म्हणून विचारते, आधीपासून असाच होता का तो? की तिथं काही झालं? इथल्या डॉक्टरांना सांगायचंय मला."

खिडकीतून खालचं उपाहारगृह दिसत होतं. गुरुवार, म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. रांग दारापर्यंत आली होती आणि तिचे नवे सहकारी तिच्यासाठी जागा धरून हात हलवत होते.

"आधीपासूनच," सिगब्रिट म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"बरं झालं विचारलं," इंगेगेर्ड म्हणाली. "मी उगाच कुणाला तरी दोष देत होते."

सिगब्रिटनं फोन ठेवला, पैशांचं पाकीट घेतलं आणि सूप संपायच्या आत खाली गेली.